निस्सान वन टन घरच्या घरी उभी करताना

जुनी लष्करी गाडी दारात आली की पहिल्याच संध्याकाळी सगळे एकच करतात. कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी आणायची, केबल लावायच्या आणि सेल्फ मारायचा. कृपा करून हे करू नका. पंधरा-वीस वर्षं एका जागी उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटून बसलेल्या असतात. सेल्फच्या एका झटक्यात रिंग तुटते, तिचा तुकडा बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडा मारतो, आणि पावशेर तेलात झालं असतं ते काम सिलिंडर परत कातून घेण्यावर जातं.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, व्हेईकल मेकॅनिक होतो. निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात गावी आलो आणि २०१८ साली एका खडीक्रशरवाल्याकडून ही गाडी घेतली. म्हशी विकल्यामुळे गोठा रिकामा होता, तिथं ती उभी केली. नोकरीत अशा कितीतरी गाड्या हाताखालून गेल्या, पण तिथं स्टोअरला चिठ्ठी दिली की पार्ट मिळायचा आणि इंजिन उचलायला क्रेन असायची. घरी मी, माझी बायको आणि एक चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी. चेन ब्लॉक गोठ्याच्या आढ्याला टांगू नका. मी तीन इंची पाइपाचा तिकाटणा वेल्डिंग करून घेतला, तो आजही कामाला येतो.

वन टन म्हणजे जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत निस्सानच्या परवान्यावर बनलेला, चारही चाकांना जोर असलेला छोटा ट्रक. इंजिन पेट्रोलचं, सहा सिलिंडरचं, ३९५६ सीसीचं. जोंगा या लष्करी जीपलाही हेच इंजिन आहे, हे ध्यानात ठेवा. वन टनचा पार्ट मागितला की दुकानदार मान हलवतो, जोंगाचा म्हटलं की मागच्या खोलीत जाऊन बघून येतो. दिल्लीचं मायापुरी आणि हरियाणातलं डबवाली, या दोन ठिकाणी जुन्या जीप-जोंगाचे पार्ट अजून निघतात. जाताना जुना पार्ट पिशवीत घालूनच न्या, फोटोवर भरवसा ठेवू नका.

गाडीआधी कागद

लष्कराच्या नंबरात आधी वर टोक असलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे म्हणजे गाडी दाखल झाल्याचं साल. माझ्या गाडीच्या बंपरवर चार थर रंग होता. पाणी मारत पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेलो, तेव्हा पिवळ्या रंगाखाली बाण आणि ७९ दिसलं. बायकोला हाक मारून दाखवलं. त्या वर्षी मी सहावीत होतो.

हा नंबर आता वापरता येत नाही, नागरी नोंदणी लागते. लष्करातून निघालेल्या गाडीला फॉर्म २० सोबत, म्हणजे नोंदणीच्या अर्जासोबत, जिने गाडी विकली त्या लष्करी यंत्रणेचं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. लिलावातली गाडी चार हात फिरून तुमच्याकडे येते आणि नेमका हाच कागद मधे कुठेतरी राहिलेला असतो. ही घेण्याआधी मी दुसरी एक बघितली होती. पत्रा सरळ, हौद्याच्या फळ्यासुद्धा मूळच्या. मालक म्हणाला, कागद नंतर बघू. मी चहा पिऊन परत आलो.

रंगाचंही आत्ताच सांगतो. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही लावता येत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तसं म्हणतो. मन कितीही ओढलं तरी लावू नका. तो रंग बघून रस्त्यावरचा माणूस बाजूला होतो, आणि तो मान वर्दीचा आहे. मी गाडीला मातकट तपकिरी रंग दिला. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आली आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. माझी अजून त्या वयाची नाही.

आधी ब्रेक

इंजिन चालू झालं की माणसाला गाडी हलवल्याशिवाय राहवत नाही. म्हणून मी इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक पूर्ण करतो. चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळ्यांची लाइन एकच. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात.

चाक उचलण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागून निघणाऱ्या शाफ्टवर आहे. मागचं एकच चाक जॅकवर उचललंत की डिफरेन्शिअल ते चाक मोकळं फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जागची सरकते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, अॅक्सलखाली घोड्या (लोखंडी स्टँड) द्या, आणि मगच खाली शिरा. दगड-विटांच्या थप्पीवर गाडी ठेवू नका. वीट तडकताना आधी सांगत नाही.

माझ्या गाडीचा मागचा उजवा ड्रम दोन दिवस निघेना. ब्रेकचा अॅडजस्टर पूर्ण आत घेतला, लाकडी ठोकळा धरून ड्रमच्या कडेने गोल गोल ठोकत राहिलो, तेव्हा सुटला. आतल्या व्हील सिलिंडरचं (चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबर काढलं तर ब्रेक ऑइलच्या जागी काकवीसारखा दाट तपकिरी चिखल. एक पिस्टन बाहेर आला, दुसरा हलेना. अशा वेळी पिस्टनवर हातोडा मारू नका. रिकामी बाजू बंद करायची, हवा काढायची निप्पल बंद करायची, होजच्या भोकाला ग्रीस गन जोडायची आणि सावकाश दाबायची. ग्रीस त्याला ढकलत बाहेर आणतं. पाचव्या-सहाव्या दाबाला ‘टक्’ आवाज झाला आणि पिस्टन केसभर सरकला. पुढचं सोपं होतं.

मग बोअर पुसून आत बोट फिरवा. डोळ्याला दिसत नाही ते नखाला कळतं. नख अडलं म्हणजे तिथं गंजाचा खड्डा आहे, आणि त्या खड्ड्यावरून नवं रबर चार महिन्यांत फाटणार. असा सिलिंडर टर्नरकडे देऊन स्टेनलेसचा स्लीव्ह बसवून घ्या आणि आतला व्यास मूळचाच ठेवायला बजावून सांगा. एका ठिकाणी माझा स्लीव्ह अर्ध्या मिलिमीटरने मोठा झाला. बसवून बघितला नसता तर ऑइल गळून ब्रेकचे नवे लायनर भिजले असते. दुसरा करून घेतला, वेळ गेला, पण तो आजवर कोरडा आहे. आतले भाग धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिटच वापरा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी ब्रेकचं रबर फुगतं.

हवा काढायला दुसरा माणूस लागतो. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकाची, म्हणजे मागच्या डाव्याची. मी खाली, बायको पेडलवर. “दाब.” “दाबलं.” “धर.” “धरलंय.” निप्पल उघडायची, बुडबुडे जाऊ द्यायचे, बंद करायची, मग “सोड”. चारही चाकं झाली, तरी ती म्हणाली, “अहो, मी नुसती धरून बसलेय, पण पेडल खाली चाललंय.” मी सगळे जोड परत पुसून बघितले, कुठे थेंब नाही. बाहेर गळती नसताना पेडल हळूहळू खाली बसतं, तेव्हा मास्टर सिलिंडरचा आतला कप दाब धरत नसतो. नवा किट म्हणून घेतलेला तो कप दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेला होता. तेव्हापासून कोणतंही रबर घेताना दोन बोटांत दुमडून बघतो. बारीक भेग दिसली की परत.

टाकी आणि पेट्रोल

जुनं पेट्रोल वार्निशच्या वासाचं होतं. ते काढा, टाकी उतरवा, उन्हात उघडी ठेवा. टाकीला भोक असलं तरी घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक, यात माणसं गेली आहेत.

गंज काढायला मी किराण्यातलं लिंबूसत्त्व वापरतो. पंधरा लिटर गरम पाण्यात किलोभर विरघळवून टाकीत ओतलं, मूठभर स्वच्छ खडी टाकली, दोन दिवस अधूनमधून हलवलं. पाणी काळपट हिरवं होऊन निघालं. मग लगेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं आणि आतून तेल फिरवायचं. सोडा विसरलात तर तासाभरात आत परत तांबूस रंग चढतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. आमच्याच जिल्ह्यांतल्या उसाचं ते, त्याला नावं ठेवायची नाहीत, पण या गाडीचं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. सगळे पेट्रोल होज आणि एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा इथेनॉल सोसणारा घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका.

इंजिन

सहाही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हाताने हलवा. हललं नाही तर परत तेल, परत आठवडा. माझं तिसऱ्या आठवड्यात हललं. त्यानंतर ऑइल बदला, आणि प्लग बाहेर ठेवूनच सेल्फने ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत फिरवा. सेल्फ आणि दिवे किती व्होल्टचे आहेत ते त्यांच्यावरच्या पट्टीवर वाचून मगच बॅटरी जोडा. क्रशरवर, वाळूच्या धंद्यात फिरलेल्या गाड्यांत कुणी काय बदललंय ते सांगता येत नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, मोजलं. चार सिलिंडर ११५ ते १२० पीएसआय आणि तिसरा-चौथा साठाच्या आसपास. एकच सिलिंडर कमी असता तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं असतं. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. पण शेजारचे दोन एकदम कमी म्हणजे बहुतेक दोघांमधलं हेड गॅस्केट उडालेलं. हेड उतरवलं, तर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे गॅस्केट बोटभर जळून काळं पडलं होतं. नुसतं गॅस्केट बदलून बंद करू नका, हेडवर सरळ पट्टी ठेवून उजेड बघा. माझ्या पट्टीखालून उजेड आला, हेडचं फेसिंग करून म्हणजे ते घासून सपाट करून घेतलं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळा.

प्लगच्या वायरी १-५-३-६-२-४ या क्रमाने. डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीच्या पॉइंटचं अंतर ०.४५ मि.मी.च्या आसपास. गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली की लोक कार्बोरेटर खोलतात. आधी पॉइंट साफ करा, कंडेन्सर बदलून बघा. माझ्या अनुभवात दहातले सात दोष करंटचे निघतात.

अॅक्सलच्या वर एक छोटा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, असतो, तो चिखलाने बुजलेला असतो. तो साफ केला नाही तर गरम झालेल्या तेलाचा दाब सीलमधून वाट काढतो आणि तेल थेट तुमच्या नव्या ब्रेक लायनरवर येतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण मी बघितलेल्या बहुतेक गाड्यांत राहून गेलेलं होतं. तिथंच खाली पडून मागच्या अॅक्सलच्या मधला डिफरेन्शिअलचा गोळा पुसा. त्यावर पांढरा रंग निघेल, आणि त्याच्यावर उजेड पाडणारा छोटा दिवा. रात्री दिवे बंद करून ताफा चालायचा, तेव्हा मागचा ड्रायव्हर फक्त त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत गाडी हाकायचा. मी तो रंग तसाच ठेवलाय, दिव्याची वायर नवी केली.

नंतरची निगा

फोर व्हील डांबरी रस्त्यावर टाकू नका. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळी फिरू बघतात, आणि कोरड्या रस्त्यावर तो ताण सुटायला जागा मिळत नाही. शेतात, चिखलात टाका आणि बाहेर आल्यावर काढा. ओढ्यातून गेलात तर दुसऱ्या दिवशी अॅक्सलचा तेल काढायचा प्लग थोडा ढिला करून तेल बघा. ताकासारखं पांढरट दिसलं की लगेच बदला.

नुसती दहा मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं गाडीला वाईट. तेल पुरतं तापत नाही आणि आत पाणी धरतं. महिन्यातून एकदा वीसेक किलोमीटर फिरवा. मृग लागायच्या आधी सगळ्या निप्पलांना ग्रीस, स्प्रिंगच्या पाट्यांवर तेलाचा हात, ताडपत्री हौद्यावरून काढून कोरडी घडी. पावसाळा संपला की परत ग्रीस, वायरिंगला उंदीर लागलेत का ते बघायचं, आणि एका वर्षाआड ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, कारण तेही पाणी ओढतं. खंडेनवमीला पाने धुऊन पुसून पूजेला मांडायचे असतातच, त्याच्या आदल्या दिवशी मी ब्रेकची हवा काढतो. बायको पेडलवर बसते आणि आता “धर” म्हणायच्या आधीच धरते.