बंदुकीच्या साफसफाईचं सामान घेताना या चुका टाळा

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच वाड्यांत सापडते. कुठे तोंडातून दारू ठासायची ठासणीची, कुठे काडतुसाची बारा बोअरची. तिच्या परवान्यासाठी माणूस वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो, पण ती साफ करायच्या सामानाला चार पैसे काढायचे म्हटले की हात आखडतो. मग सगळीकडे त्याच चुका, आणि पावसाळ्यानंतर माझ्या दारात तीच माणसं.

आधी नवं खूळ निकालात काढतो. परदेशी व्हिडिओ बघून तरुण मुलं विचारतात, काडतुसं घरी भरायला प्रेस कुठला घेऊ, डाय कुठली, दारू मोजायला तराजू कसला. बाबांनो, कुठलाच नको. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. आपल्या परवान्यावर बंदूक बाळगता येते आणि ठरलेल्या मर्यादेत काडतुसं विकत घेता येतात, बस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. बंदुकीची दुरुस्तीसुद्धा त्याच कलमात येते. तेव्हा ओळखीच्या लोहाराकडून घोडा घासून घेणारेही यातून सुटत नाहीत.

आता खोबरेल. घरात डबा भरलेला असतो, म्हणून तेच चोपडायचं. हे तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं. पौषातल्या पहाटे वानर बागेत उतरतात तेव्हा घोड्याच्या आत पांढरा लोण्यासारखा थर बसलेला असतो आणि चाप जड लागतो. वर ते खवट होतं, त्यातली आम्लं लोखंडाला लागतात, मुंग्या येतात त्या वेगळ्याच. "तेल चोपडलेला आसा मा भरपूर, मगे गंज कसो येतलो?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. शिलाई मशीनचं तेलसुद्धा याहून शंभरपट बरं. मी स्वतः बंदुकीचं खनिज तेल वापरतो, तेही पातळ हात फिरवून. भरपूर तेल ओतलं की ते दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. डब्ल्यूडी-४० चा फवारा पाणी हटवायला छान, पण त्याचा थर पातळ असतो. खाऱ्या वाऱ्यात चार महिने त्याच्या भरवशावर राहू नये. आणि कुठलंही पातळ तेल काडतुसांजवळ नको, काडतुसाच्या बुडातल्या टोपीत झिरपलं की बार फुसका.

ठासणीवाल्यांची लाडकी चूक म्हणजे रॉकेल. काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. ती जळली की नळीत पोटॅशियमचे क्षार उरतात, आणि हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. रॉकेलने काळं निघाल्यासारखं दिसतं, पण क्षार त्यात विरघळत नाहीत, तिथेच बसतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत एका रात्रीत तांबूस झाक येते. क्षार विरघळतात पाण्यातच. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, नळी दस्त्यावरून उतरवता येत असेल तर उतरवून, साबण घातलेलं कढत पाणी ओता, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. कढत अशासाठी की नळी तापते आणि आपोआप लवकर सुकते. मग कोरडी चिंधी, मग तेल. बंदुकीला पाणी लावायचं म्हटलं की जुनी माणसं दचकतात, पण दुसरा उपाय नाही. "उद्या धुतो" म्हणणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी धुवावं किंवा बार काढू नये.

नळीत चिंधी-ब्रश फिरवायचा गज घेताना पितळेचा किंवा लाकडी घ्या. तुकडे जोडायचा स्वस्त लोखंडी गज सांध्यांवर नळी खरवडतो. ब्रश बारा बोअरचाच मागा, "साधारण बसेल" असला नको. पॉलिश पेपर घरात असेल तर तो सुताराला देऊन टाका.

खोळीबद्दल मात्र सविस्तर बोलायलाच हवं. रेक्झिनची, आतून फोमची खोळ दिसते झकास, पण आत शिरलेली दमट हवा बाहेर जात नाही. खोळ ही बंदूक नेण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. देवगड तालुक्यातले माझे एक दूरचे काका हे काही ऐकेनात. त्यांची बारा बोअरची पावसाळाभर माळ्यावर, खोळीत. मोहोराच्या दिवसांत वानर आले म्हणून त्यांनी ती खाली काढली, काडतूस घालायला नळी वाकवून उघडली, आणि काडतूस बोटांत धरून उभे. मी म्हटलं, काका, आधी गज घालू. गज अर्ध्यावर थांबला. जोर दिल्यावर तोंडातून वाळकी माती आणि मेलेले कोळी खाली पडले. कुंभारमाशीने नळीत घर केलं होतं. त्या मातीवर बार काढला असता तर नळी फुटून त्यांचा डावा हात शिल्लक राहिला नसता. काका मात्र खोळ उलटीसुलटी करत, "खोळीत होती मा, मगे माशी शिरली खयसून?" तोंडाशी शिवण उसवली होती, तिथून.

तेव्हापासून मी नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय काडतुसाचा डबा उघडू देत नाही. बॅटरी मोबाइलची चालते. ठेवायला कुलपाची लाकडी किंवा पत्र्याची पेटी, बिनभरलेली बंदूक नळीचं तोंड खाली करून उभी, म्हणजे जादा तेल दस्त्याकडे उतरत नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. कागदी असतील तर ओलीने फुगतात आणि नळीत बसत नाहीत. ओल शोषणारं सिलिका जेल बंद पेटीतच कामाचं. निळे खडे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर सुकवा, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको.

निवडणुकीत बंदूक पोलिसांकडे जमा करावी लागली तर ती तिकडे किती दिवस आणि कशी राहील, ते आपल्या हातात नसतं. देण्याआधी आतबाहेर नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात फिरवा, पावतीवर नंबर तपासा, आणि परत घेताना तिथेच, सही करण्याआधी, नळीतून उजेड बघा.