दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी अंघोळ कशी करायची, आणि बेंबी का विसरायची नाही

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना वाटतं, तीन-चार बारीक भोकं, त्यात काय सेप्टिक होणाराय. पण पित्ताशय असू दे नाहीतर अपेंडिक्स, कॅमेऱ्याचं भोक बहुतेक वेळा बेंबीत किंवा तिच्या कडेलाच पाडतात, आणि अख्ख्या पोटावर सगळ्यात मळकी जागा तीच. आपल्या कोल्हापुरात तर तालमीत जाणाऱ्या पोराच्या बेंबीत लाल माती असतीय, जोतिबाला जाऊन आलं की गुलाल तिथंच बसतोय, वर घाम, कपड्याचे धागे, तेल, सगळं साठून घट्ट होतंय. म्हणून सुरुवात तिथनंच करा.

तारीख ठरली की दोन-तीन दिवस आधीपासनं रात्री खोबरेल तेलाचे दोन थेंब बेंबीत सोडा, पंधरा मिनिटं पडून राहा, मग इअरबड हळू गोल फिरवून मळ काढा, आणि साबणाच्या पाण्यानं तेल पूर्ण धुवून कोरडं करा. एकदम निघाला नाही तर उद्या परत. नख, सेफ्टी पिन, आगकाडी अजिबात घालू नका, ओरखडा पडला की जंतूंना आयतीच वाट मिळती. खड्यासारखं कडक काही लागलं, पाणी किंवा घाण वास येत असला तर उकरायचं नाही, सरळ डॉक्टरना दाखवायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता केसांचं. माझ्या थोरल्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, आदल्या रात्री त्यानं घरीच रेझरनं पोट तासलं, ब्लेड मीच आणून दिलं होतं, आणि सकाळी सगळीकडं लाल पुरळ, डॉक्टरनी तारीखच पुढं ढकलली. तेव्हापासनं मी प्रत्येकाला सांगतो, रेझरनं डोळ्याला न दिसणारे काप पडतात आणि त्यात जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 साली हेच सांगितलंय, केस काढूच नका, अगदीच गरज असली तर क्लिपरनं, म्हणजे केस बारीक कापायच्या मशीननं. ते काम दवाखान्यातल्या लोकांवर सोडा.

अंघोळ आदल्या रात्री एकदा आणि जायच्या आधी सकाळी एकदा. साधा साबण चालतो. डॉक्टरनी क्लोरहेक्सिडिनचं (जंतू मारायचं औषध) लिक्विड लिहून दिलं असलं तर आधी साबणानं धुवून साबण नीट काढून टाका, कारण साबण राहिला की त्याचा असर कमी होतो, मग ते मानेखाली लावून सांगितलेला वेळ ठेवा आणि पाण्यानं धुवा. डोळे, कान, तोंड, नाजूक जागा टाळा. काखा, जांघा, पोटाच्या घड्या, बायकांनी छातीखालची जागा, इथं घाई करू नका. नंतर धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे, अंथरुणावर स्वच्छ चादर. तेल, पावडर, क्रीम काही लावायचं नाही, आजीनं कितीही सांगितलं तरी हळद पण नाही.

ऑपरेशन टेबलवर पोटाला परत औषध लावतात, त्यात बऱ्याचदा स्पिरिट असतं, ते वाळल्याशिवाय सुरुवात करत नाहीत, कारण कॉटरीच्या (रक्त थांबवायला वापरतात ते विजेवरचं साधन) ठिणगीनं पेट घेऊ शकतं. आयोडीनची किंवा कसली अॅलर्जी असली तर आधीच सांगून ठेवा. शुगर असली तर ती पण कंट्रोलमध्ये आणा, नुसत्या अंघोळीनं भागत नाही.

घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तोवर, साधारण दोन दिवस, पट्टी कोरडी ठेवा, आणि अंबाबाईचा अंगारा कपाळाला लावा, टाक्यांना नको. लाली पसरली, पू आला, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर लगेच जा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसती, भोक चांगलं भरून येतं आणि तीन-चार आठवड्यांनी तिथं गाठ होती, पाणी झिरपायला लागतं. हे नेहमीचे जंतू नसून वेगळ्या जातीचे असू शकतात, ते बऱ्याचदा नीट निर्जंतुक न झालेल्या साधनांतनं येतात आणि साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, त्यामुळं मेडिकलमधनं गोळ्या आणून खात बसू नका, सर्जनला दाखवा आणि तो पू तपासायला पाठवायला सांगा.