१९७९ ची ‘गंडम’ आज कशी पाहावी

योशियुकी तोमिनो दिग्दर्शित ‘मोबाइल सूट गंडम’ ही माणसांनी आत बसून चालवायच्या महाकाय रोबोटांच्या युद्धाची अ‍ॅनिमेशन मालिका जपानी टीव्हीवर ७ एप्रिल १९७९ ला सुरू झाली आणि २६ जानेवारी १९८० ला संपली. खरं तर संपवली गेली. बेत ५२ भागांचा होता, पण प्रेक्षक जमेनात, प्रायोजकाची खेळणी खपेनात, म्हणून ४३ भागांतच गाशा गुंडाळला. पुढे पुनःप्रक्षेपणात लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. जुलै १९८० मध्ये बांदाई या खेळणी कंपनीने ३०० येनला मालिकेतल्या रोबोटांची जोडणीची मॉडेलं आणली, आणि आज अनेकांची गंडमशी ओळख या मॉडेलांतूनच होते. मूळ मालिका ‘जुनाट दिसते’ म्हणून राहून जाते. ती पाहायची असेल तर सुरुवात टीव्हीच्या सेटिंगपासून करा.

बहुतेक नव्या टीव्हींत हालचाल गुळगुळीत करणारी सोय, म्हणजे मोशन स्मूदिंग, आधीच चालू असते. ती बंद करा. त्या काळच्या टीव्ही अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकच चित्र बहुधा तीन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला साधारण आठच चित्रं. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या मनाने भरू लागला की रेषा विरघळल्यासारख्या दिसतात. चित्र ४:३ च्या चौकटीतच ठेवा. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खटकल्या तरी झूम करू नका, नाहीतर वरून डोकी आणि खालून पाय कापले जातील.

मग प्रश्न येतो, मालिका पाहायची की तिच्यावरून केलेले तीन चित्रपट? वेळ वाचतो म्हणून चित्रपट सुचवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. आधी मालिकाच पाहा. व्हाइट बेस या अंतराळ-जहाजावरच्या अननुभवी पोरांचा थकवा, त्यांची भांडणं, रेशनची चणचण हे सगळं भागागणिक साचत जातं, आणि चित्रपटांत नेमकं तेच पातळ होतं. आवाज जपानीच ठेवा, खाली सबटायटल लावा. तोरू फुरुयाच्या आवाजातला चिडका, कोवळा नायक आमुरो आणि शुइची इकेदाच्या आवाजातला थंड डोक्याचा शत्रू-अधिकारी शार यांच्यासाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

एका बैठकीत दोनच भाग पाहा. ही साप्ताहिक मालिका होती. सलग आठ भाग पाहिलेत तर रोबोट बाहेर पडण्याची तीच ती दृश्यं डोक्यात जातील. पैसा आणि वेळ वाचवायला एकदा काढलेले तुकडेच पुन्हा पुन्हा वापरायची तेव्हा रीतच होती. पहिल्या भागात आमुरो माहितीपुस्तिका चाळत गंडम हा रोबोट चालवतो. हे पोरकट वाटलं तरी थांबू नका. पाचव्या भागात वातावरणात शिरताना शत्रूचा एक सैनिक आपल्या झाकू यंत्रासह जळून जातो, मदतीसाठी शारला हाका मारत. इथपासून मालिकेचा स्वर कळायला लागतो. ती सोडायची की नाही, हे मात्र तेराव्या भागानंतरच ठरवा. त्यात आमुरो घरी जातो आणि आपल्या मुलाने सैनिकावर गोळी झाडलेली आईला पाहावी लागते. ज्याला हा भागही भिडला नाही, त्याने खुशाल दुसरं काही लावावं.

पंधराव्या भागाची तयारी ठेवा. यंत्रांचे आकार बिघडलेले, चेहरे विचित्र. उत्तर अमेरिकेतल्या डिस्क-संचांतून हा भाग वगळलाच गेला. तरी तो पाहाच. युद्ध सोडून अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या सैनिकाची ही गोष्ट आहे, आणि २०२२ मध्ये, मालिकेची पात्रं रेखाटणाऱ्या योशिकाझु यासुहिको यांनी तिच्यावर अख्खा चित्रपट केला. १९ वा भाग मात्र घाईत पाहू नका. वाळवंटातल्या खाणावळीत भेटलेला शत्रू-अधिकारी रांबा राल आणि आमुरो काही वेळाने एकमेकांची यंत्रं फोडतात, आणि फटीतून दोघांना समोरचा चेहरा दिसतो.

आता रेषांकडे वळू. अधूनमधून पॉज करा. पार्श्वभूमी रंगवलेली असते, तिच्यावर सेल, म्हणजे प्लास्टिकचा पारदर्शक कागद. त्याच्या पुढच्या बाजूला रेषा आणि मागून सपाट रंग. म्हणूनच फुटणारा खडक किंवा उघडणारं दार आसपासच्या चित्रापेक्षा सपाट दिसतं आणि काय हलणार ते आधीच कळतं. मला तर हे ओळखण्यातच अर्धी मजा येते. यंत्रं कुनियो ओकावारांनी रेखाटलेली. गंडमचे लाल-निळे-पिवळे रंग खेळणी विकायला आले. हिरव्या, एकडोळ्या झाकूवर तसं ओझं नव्हतं, आणि माझ्या मते तोच जास्त देखणा आहे. पात्रं यासुहिकोंची. उत्तरार्धात ते आजारी पडले, आणि शेवटच्या भागांत चेहऱ्यांवरचा त्यांचा हात सुटलेला जाणवतो.

म्हणूनच ४३ भाग झाले की मार्च १९८२ चा तिसरा चित्रपट लावा. त्यासाठी बरे झालेल्या यासुहिकोंनी बरंच काम नव्याने केलं. लाला या तरुणीचा शेवटचा प्रसंग दोन्हीकडे लागोपाठ पाहा. पहिले दोन चित्रपट सोडले तरी चालतील. त्यानंतर १९८५ ची ‘झीटा गंडम’ घ्या; ती या युद्धानंतर सात वर्षांनी सुरू होते.