मराठी वेबपान दुसऱ्याच्या पडद्यावर बिघडतं? या चुका टाळा

आपल्या लॅपटॉपवर नीट दिसलं की पान तयार झालं, असं समजू नका. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, फक्त एरियल हा फॉन्ट लिहिला असेल तर त्यात देवनागरी अक्षरं नाहीतच. मग विंडोज स्वतःचा निर्मला यूआय लावतं, मॅक कोहिनूर देवनागरी, तर अँड्रॉइड बहुधा नोटो. तिघांची उंची आणि जाडी वेगळी. त्यामुळे ठरावीक उंचीच्या चौकटीत एका यंत्रावर मावलेला उकार दुसऱ्यावर तळाशी छाटला जातो. पानासोबतच उतरणारा देवनागरी वेबफॉन्ट द्या, ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

मला सर्वांत जास्त खटकते ती ल आणि श यांची हेळसांड. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची वळणं. २००९ च्या शासन निर्णयातही तीच आहेत. पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, हिंदी आणि मराठी ल चा क्रमांक एकच. कोणतं वळण काढायचं हे ब्राउझर पानाच्या भाषेवरून ठरवतो. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या मूळ संहितेच्या, पहिल्या टॅगमध्ये भाषा 'ईएन' (en, इंग्रजी) किंवा 'एचआय' (hi, हिंदी) राहिली, तर फॉन्टमध्ये मराठी रूपं असूनही ती झाकलेलीच राहतात. तिथे 'एमआर' (mr, मराठी) लिहा. एवढ्या एका शब्दाचं काम, तरी कितीतरी मराठी पानांवर ते झालेलं नसतं.

दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. हा फरक टंकनातच जपावा लागतो. जुन्या पद्धतीत र, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), एक अदृश्य जोडचिन्ह आणि य असं लिहीत. एखाद्या प्रणालीने 'अनावश्यक' म्हणून ते अदृश्य चिन्ह पुसलं की दऱ्यांचा दर्या होतो. त्याऐवजी नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ, हलन्त आणि य असं लिहा. पुसण्यासारखं काही उरतच नाही. जुना मजकूर असेल तर एकदाच शोधून बदलून घ्या, कारण दोन पद्धतींनी लिहिलेला तोच शब्द साध्या शोधात एकमेकांशी जुळत नाही.

ॲ चंही तसंच. हे अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीच्या सवयीने अ वर वेगळा चंद्र ठेवला, तर काही ठिकाणी तो जुळून दिसतो, काही ठिकाणी मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

पान चढवण्याआधी 'दऱ्या, ॲप, शाल, कुटुंब' एवढी ओळ विंडोज, मॅक आणि एका साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून पाहा.