घरच्या झेड-८० ला टीव्ही जोडला: माझा अनुभव

घरी जोडलेला झेड-८० या जुन्या प्रोसेसर चिपचा संगणक चालू तर झाला, पण बोलायचा फक्त लॅपटॉपशी, सिरियल (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या) वायरवरून. माळ्यावर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला १४ इंची टीव्ही होता, पिवळ्या सॉकेटचा. तो उतरवला.

नवी पेठेतून एक एटीमेगा ३२८ (झेड-८० कडून सिरियलवर अक्षरं घेऊन टीव्हीसाठी चित्र बनवणारी छोटी चिप), तिला ताल देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि दोन रेझिस्टर आणले. १ किलोओहमवरून सिंक (चित्राची ओळ कधी सुरू होते ते टीव्हीला सांगणारा ठोका), ४७० ओहमवरून चित्र. टीव्हीच्या ७५ ओहमशी मिळून काळा ०.३ व्होल्टला बसतो, पांढरा १ च्या जवळ. मी नेमके उलटे लावले! सगळं फिकट, पाणी घातलेल्या ताकासारखं. अदलाबदल केल्यावर काळा काळा झाला.

खरी डोकेदुखी पुढे होती. झेड-८० ने अक्षर पाठवलं की चित्र नागमोडी. आई म्हणाली, "वायर हलतीय काय रे?" वायर घट्ट होती. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत चित्राची एक आडवी ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. अक्षर आलं की सिरियलचा इंटरप्ट (चिपचं चालू काम थांबवणारी हाक) मध्येच घुसायचा आणि सिंकचा ठोका उशिरा पडायचा. मागावर ठोका चुकला की कापडात खोट दिसते, तसंच हे. इंटरप्ट बंद केला; प्रत्येक ओळीच्या शेवटी 'अक्षर आलंय का' एवढंच बघायचं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर यायला साधारण १६ ओळी लागतात, त्यामुळे काही निसटत नाही.

एटीमेगाच्या २ केबी रॅममधले १,५३६ बाइट एकट्या चित्राने खाल्ले: १२८ बाय ९६ ठिपके, म्हणजे २१ अक्षरांच्या १२ ओळी. बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतली लांब ओळ मोडते. चालतंय.