भाषेत बीए करायचंय? अकरावीच्या फॉर्ममध्ये या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की आमच्या जर्मनच्या क्लासला पालकांचे फोन सुरू होतात. "सर, हिला पुढे भाषेतच करायचंय." फॉर्म मागवून बघावा, तर सायन्स आणि बायफोकल (म्हणजे व्यावसायिक विषय) कॉम्प्युटर आधीच भरलेलं!

गडबड होते ती इथेच. राज्य मंडळात इंग्रजी सक्तीचं असतं. आपल्या हातात असते ती दुसरी भाषा. बायफोकलचा विषय 200 गुणांचा. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, दोन्ही जातात. आयटीसुद्धा दुसऱ्या भाषेच्याच जागेवर बसतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यानं खुशाल घ्यावा. भाषा शिकायची म्हणून भाषाच दोन वर्षं बंद ठेवायची, हे मात्र पोहायला शिकायचंय म्हणून विहीर बुजवण्यासारखं झालं.

दुसरा मोह मार्कांचा. संस्कृत 'स्कोअरिंग' म्हणून घेतलं जातं. घ्या, पण दहावीला 'आनंद' म्हणजे 50 गुणांचं संयुक्त संस्कृत केलं असेल, तर अकरावीत 100 गुणांचं 'आमोद' करून आलेली मुलं शेजारी बसणार आहेत, एवढं लक्षात ठेवा. मे महिन्यातच शब्दरूपं, धातुरूपं, संधी उरकून टाका.

जर्मनला 95 पडले म्हणजे जर्मन आलं, हाही एक गोड गैरसमज. गाळलेल्या जागा धडाधड भरणारी मुलं 'स्टेशन कुठे आहे' एवढं विचारताना अडखळतात. ए1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, एखादा नमुना ऐकण्याचा पेपर घरी लावून बघा. जपानी असेल तर जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी, एन5. खरी पातळी अर्ध्या तासात कळते.

याच्या उलट घाबरणारेही भेटतात: आमच्या कॉलेजात फ्रेंच नाही, आता संपलं सगळं! काही संपत नाही. दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात परकीय भाषेच्या बीएला ती भाषा बारावीला असलीच पाहिजे असं नाही. पहिल्या वर्षी मुळाक्षरांपासून शिकवतात. तिथला प्रवेश 2022 पासून सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेवर होतो. तेव्हा इंग्रजी वाचनाचा वेग जास्त कामाला येतो. मात्र कोणत्या विद्यापीठाला कोणते पेपर लागतात, ते सीयूईटीचा फॉर्म भरण्याआधी वाचा. नंतर रडून उपयोग नसतो.

मराठी सोडण्याची घाईही नको. अनुवादात शेवटी मजकूर उतरतो तो आपल्या भाषेत, आणि तिथेच बऱ्याच जणांचं पितळ उघडं पडतं. पाली-अर्धमागधीकडे तर कुणी ढुंकून बघत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही (अर्धमागधी ही प्राकृतच) अभिजात दर्जा मिळाला, तरी फॉर्मवरचे ते रकाने आपले रिकामेच.

माहितीपुस्तकात भाषेचं नाव छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. शिक्षक आहेत का, गेल्या वर्षी बॅच चालली का, हे ऑफिसात विचारा. मुलं कमी पडली की बॅच बंद होते आणि तुम्हाला गुपचूप आयटीच्या वर्गात बसवलं जातं.

चूक झालीच असेल तर विषयबदलाचा अर्ज पहिल्या काही आठवड्यांतच द्या. बोर्डाकडे नावं गेली की कारकून हात वर करतात. तेही हुकलं तर बारावी होईपर्यंत बाहेरून क्लास लावून ए2, म्हणजे ए1 च्या पुढच्या पातळीपर्यंत पोचता येतं. फक्त बारावीच्या डिसेंबरात सुरुवात करू नका.