द्रवांची घनता शिकवताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी शाळांत विज्ञान शिकवणारे आम्ही काही जण अधूनमधून एकमेकांच्या वर्गात जाऊन बसतो. घनतेचा तास असला की शाळा बदलते, सर बदलतात, चुका मात्र त्याच असतात. आता त्या बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

पहिली चूक प्रयोगाला हात लावायच्या आधीच, फळ्यावर होते. "घनता म्हणजे दाटपणा" असं सांगून मोकळे होतात. मग तेल ओतलं की ते वर येतं आणि पोरं गोंधळतात. सातवीतल्या एका मुलीनं मला सरळ विचारलं होतं, "ओ सर, तेल दाट हाय की, मग वर कसं तरंगालंय?" तिचं अगदी बरोबर होतं. बोटाला तेल पाण्यापेक्षा दाट लागतंच. पण दाटपणा म्हणजे द्रव वाहताना किती अडतो ते, आणि घनता म्हणजे तेवढ्याच जागेत किती वजन मावतं ते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. त्यात आपण सुरुवातच काकवी नाहीतर मधानं करतो. काकवी दाटही आणि जडही, त्यामुळे चुकीची समजूत आणखी पक्की होते.

मी एका जारमध्ये द्रवांचे थर रचायच्या आधी अख्खा एक तास फक्त वजनं करण्यात घालवतो. बाटली एकच, तिच्यावर १०० मिलिलिटरची खूण, आणि शेजारच्या दुकानातून तासाभरासाठी मागून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा. बाटलीचं वजन वजा करून पाणी भरतं १०० ग्रॅम, शेंगतेल ९१-९२, गुऱ्हाळावरची चांगली काकवी १३५ च्या वर. प्रत्येक आकडा मुलांनीच फळ्यावर लिहायचा. ज्यांना हा तास वाया गेल्यासारखा वाटतो, त्यांना पुढे तीन तास तेच तेच समजावत बसावं लागतं.

आमच्याकडं आणखी एक घोळ असतो. कन्नडमध्ये घनतेला "सांद्रते" म्हणतात आणि हिंदीच्या तासाला "सांद्रता" आली की तिचा अर्थ वेगळा, द्रावणात किती पदार्थ विरघळलाय तो. आपली मुलं तिन्ही भाषा शिकतात. फळ्याच्या कोपऱ्यात घनता, सांद्रते हे दोन शब्द शेजारी लिहून ठेवा, एवढं पुरतं.

आता लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात तरंगत सोडून घनता मोजायची काचेची नळी. आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक वर्गात डेअरीला दूध घालणाऱ्या घरातली मुलं असतात. त्यांना "डिग्री" हा शब्द आपल्याआधी माहीत असतो. डिग्री २९ म्हणजे त्या दुधाची घनता पाण्याच्या १.०२९ पट, इतका सरळ हिशेब आहे. घनता शिकवायला याच्यापेक्षा जवळचं साधन नाही, आणि घाई केली तर याच्याइतकं घातकही नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी मुलांना घरचं थोडं थोडं दूध आणायला सांगितलं होतं. एका मुलाच्या आईनं दूध नासू नये म्हणून ते गरम करून किटलीत दिलं होतं. किटली हाताला चांगली गरम लागत होती. मला ते जाणवलं होतं आणि तरीही, घंटा व्हायला दहाच मिनिटं उरली म्हणून, मी ते जारमध्ये ओतून लॅक्टोमीटर सोडला. तो खोल गेला आणि २२ वर थांबला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "पाणी घाटलंय!" २९ चं दूध २२ वर येणं म्हणजे चार तांब्यांत एक तांब्या पाणी असल्यासारखं. त्या पोरानं किटलीचं झाकण लावलं, ती बाकाखाली सरकवली आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. त्याचे वडील रोज पहाटे डेअरीला दूध घालतात. वर्गातल्या निम्म्या घरांना ते माहीत होतं.

दुधात पाणी नव्हतं. गरम झाल्यावर दूध प्रसरण पावतं, तेवढ्याच जागेत वजन कमी मावतं, म्हणून लॅक्टोमीटर जास्त बुडतो. सत्तावीस अंशांचं दूध पंचेचाळीसवर गेलं की आकडा सहा-सात डिग्रींनी उतरतो. मी दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्याच्याकडून पुन्हा दूध मागवलं, सगळ्यांसमोर आधी गरम मोजलं, मग किटली हौदाच्या पाण्याच्या बादलीत ठेवली आणि वर्गाला वीस मिनिटं थांबायला लावलं. मग त्यालाच आकडा वाचायला सांगितला. एकोणतीस. तेव्हापासून माझ्या वर्गात थर्मामीटर आधी आणि लॅक्टोमीटर नंतर. कोणत्या तापमानाला मोजायचं ते लॅक्टोमीटरच्या काचेवर छापलेलं असतं, ते आधी वाचा. दूध कोणाच्या घरचं आहे हे वर्गात सांगू नका, भांड्यांवर फक्त नंबर टाका. आणि हेही जरूर सांगा की साय काढली की डिग्री वाढते, कारण स्निग्धांश हलका असतो. साय काढून पाणी घातलं तर लॅक्टोमीटर फसतो, म्हणून डेअरीत फॅटही मोजतात.

बाकीच्या चुका लहान, पण रोजच्या.

लॅक्टोमीटर जारच्या काठाला टेकलेला असताना आकडा वाचू नका. फेस बसू द्या.

खायचा रंग तेलात मिसळत नाही, थेंब गोळ्यासारखे खाली जातात. तेलाला रंग द्यायचा तर हळद.

मिठाच्या पाण्यात बटाटा तरंगवताना लोक एक चमचा मीठ टाकतात आणि "प्रयोग फसला" म्हणतात. पाव लिटर पाण्याला ४० ग्रॅम मीठ घाला आणि पूर्ण विरघळू द्या. अंडंही चालतं, पण काही घरांत अंड्याला हात लावत नाहीत, त्यामुळे मी बटाट्यावरच भागवतो.

वर्गात रॉकेल आणि स्पिरिट नको. मोबाईलवरच्या सात थरांच्या व्हिडिओसाठी तर नकोच. चार थर नीट समजले तर पाचव्याची गरज पडत नाही.

मिठाच्या पाण्यावर साधं पाणी वरून ओतलं की दोन्ही मिसळणारच. मी उलटं करतो. आधी साधं पाणी, मग सलाईनच्या नळीला सिरिंज जोडून मिठाचं रंगीत पाणी तळाशी अगदी हळू सोडतो. काकवी सगळ्यात शेवटी, तशाच पण जाड नळीनं तळाला. काठाला लागली तर तिथंच चिकटून राहते.

जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांत थंडीत सकाळी खोबरेल बाटलीतच गोठलेलं असतं. वैतागून शेगडीकडे पळू नका. थोडं वितळवून त्यात गोठलेला तुकडा टाका, तो बुडतो. शेजारी पाण्यात बर्फ टाका, तो तरंगतो. असा तास उन्हाळ्यात मिळत नाही.

आणि तास संपला की जार धुऊन टाकू नका. शनिवारी रचलेला जार खिडकीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा, नाहीतर काकवीला मुंग्या लागतात. सोमवारी खालच्या थरांच्या सीमा धूसर झालेल्या असतात, रंग वर चढलेला असतो आणि तेल मात्र जागच्या जागी असतं. ते का, हे मुलांना वहीत लिहू द्या. उत्तर तुम्ही आधी सांगू नका.